बंदुकीआधीची काठी

"माझ्या पोरीच्या हातात काठी द्यायची नाय, धाकू. एकदा सांगितलं, कळलं ना?"

"दादा, आज दसरा. आज तरी तोंड गोड ठेव."

"तुझ्या झिलाक दे. तुझो झील, तुझी काठी, तुझी बंदूक. माझ्या चेडवाक त्यात ओढू नको."

"मुलगी म्हणून नको, की मी देतो म्हणून नको?"

"दोन्ही धर."

"आबांनी कधी म्हटलं होतं, की मुलींना काठी द्यायची नाय?"

"आबांचं नाव तू घेऊ नको! तुझ्या तोंडी शोभत नाय."

रुक्मिणीकाकूने तवा स्टोव्हवरून उतरवून दाणकन खाली आपटला. "आत्ता लोक सोनं द्यायला येतील. त्यांच्या हातावर काय ठेवू? तुमच्या शिव्या?"

चौऱ्याऐंशी सालचा दसरा. दहिसर नदीच्या काठची आमची चाळ, वरचा मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत पाटावर धाकूकाकांची दुनळी बंदूक ठेवलेली, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. तिच्या शेजारी ऐनाच्या लाकडाच्या दोन काठ्या. एक काकांच्या नंदूसाठी. दुसरी माझ्यासाठी, आणि तिच्यावरूनच माझे बाबा काकांवर चढले होते. नंदू तेव्हा अकरा वर्षांचा, मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठी.

"मला पाहिजे," मी म्हणाले.

मी बाबांच्या ताटातला घास उचलून काकांच्या ताटात वाढावा, तसं बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"घे मगे," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो, रत्नू. ह्या घरात काठी कितीही सरळ धर. जीभ तिच्याहून लांब असते." आणि चपला पायात अडकवून ते चेक नाक्याच्या बाजूला निघून गेले. सणाचं जेवण त्यांनी संध्याकाळी गार खाल्लं.

बाबा काय म्हणाले ते मला कळलं नाही. कळून घ्यायचं मनातही आलं नाही. मला काठी मिळाली होती.

धाकूकाका बोरिवलीच्या एका बँकेत गनमॅन होते. लोकांना वाटायचं, बंदूकवाला म्हणजे गालभर मिशी पाहिजे. काकांचा चेहरा मात्र तासून काढल्यासारखा गुळगुळीत. कोणी टोकलं की म्हणायचे, "मिशीवाल्याचं अर्धं लक्ष मिशीत असतं." बुटके, रुंद, चालताना पाय जरा फाकवून टाकणारे. खाकी कपड्यांना रोज इस्त्री. बंदूक कॅनव्हासच्या खोळीत, खोळीची चेन वरपर्यंत लावलेली, आणि खोळीचं तोंड कायम जमिनीकडे. बसस्टॉपवरची पोरं विचारायची, "मामा, किती जणांना उडवलं?"

"अकरा वर्षांत एकालाही नाय."

"मग काय उपयोग?"

"अकरा वर्षांत एकालाही नाय, हाच उपयोग."

बंदूक मूळची आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. कणकवलीच्या बाजूला आमचं गाव. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, आणि आबा शेतातल्या खोपटात, मांगरात, राखणीला बसायचे. आबा गेल्यावर लायसन काकांच्या नावावर झालं. बँकेला स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन असलेलाच माणूस हवा होता, त्यामुळे त्या लायसनवर काकांना नोकरी लागली, नोकरीवर ह्या दोन खोल्या. माझे बाबा, काशीराम, मोठे. मोठा असून बंदूक त्यांच्याकडे का आली नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबा गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडलीच नाही. आई गावी शेतीवर गेली, आणि बाबा मला घेऊन धाकट्या भावाच्या दारात आले. एका वर्कशॉपमध्ये प्लास्टिकच्या बादल्यांना कड्या बसवायचं काम त्यांना मिळालं. संध्याकाळी घरी येऊन ते भिंतीकडच्या कोपऱ्यात बसायचे. पाहुण्यासारखे. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या घरात पाणीसुद्धा मागून प्यायचे.

रविवारी सकाळी काका कडदोऱ्याची किल्ली काढायचे, ट्रंक उघडायचे आणि बंदूक पुसायला बसायचे. काडतुसांचा डबा ट्रंकेत नसायचा. तो वर माळ्यावर, त्याला वेगळं कुलूप. आधी बंदूक बिजागरीवर मध्ये मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघायचा, मग आम्हाला दाखवायचा, मग काकूला.

"बघितली मी, रिकामी आहे. मागच्या रविवारी होती तशीच आहे," काकू म्हणायची.

"मागचा रविवार मागे गेला. आज बघ."

"माझ्या डोक्याचं तेल संपलं तर चार दिवस कुणाला कळत नाय. हिच्या तेलाची बाटली अर्धी झाली की लगेच दुकानात."

"ती पोट भरते, रुक्मिणी."

"आणि मी काय रिकामं करते?"

हे चालू असताना बाबा नेमके स्टोव्ह पुढ्यात ओढायचे. पिन मार, पंप मार, काजळी झाड, पुन्हा पिन मार. खोलीभर रॉकेलचा वास. बंदुकीकडे एकदाही बघायचे नाहीत. काका बंदूक पुसत राहायचे. मला मात्र लाज वाटायची. चांगल्या चाललेल्या कामात आपल्या बापाने काजळी उडवायची, म्हणजे काय! मी नंदूकडे बघायचे. तो काकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला, हातात तेलाचा बोळा. ह्याला असा बाप का, आणि मला तसा का?

एकदा मात्र शाळेतून लवकर आले तेव्हा बाबा घरात एकटेच होते. बंद ट्रंकेसमोर उकिडवे बसलेले. तळहात झाकणावर ठेवलेला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. माझी चाहूल लागली तसा त्यांनी हात झटकन काढला आणि ट्रंकेवरची धूळ पुसल्यासारखं केलं. धूळ नव्हतीच.

आता काठीचं सांगते.

आमच्या घरात बंदुकीला हात लावायच्या आधी एक दसरा ते पुढचा दसरा काठी वागवायची. आबांच्याही आधीपासूनची रीत. काठी खांद्याएवढी, जड. एका टोकाला तांबडं फडकं, ते तिचं तोंड. दुसरं टोक म्हणजे दस्ता. मध्ये एक खिळा, तो चाप. शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत काठी हातात. नळावर जा, दुकानात जा, नदीवर जा. तोंड एकतर आभाळाकडे नाहीतर भुईकडे. बोट खिळ्याच्या बाहेर, सरळ. घरात शिरताना मोठ्या माणसाला काठी दाखवायची आणि म्हणायचं, "रिकामी आहे, बघा." लाकडाची काठी रिकामी काय नि भरलेली काय! पण म्हणायचं. आणि तांबडं तोंड जित्या जिवावर जाऊ द्यायचं नाही. माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडी नाही.

दर शनिवारी बँक अर्धा दिवस. काका तीनला घरी यायचे आणि सुतळी काढायचे. आठवडा बिनचूक गेला तर आपल्या हाताने एक गाठ मारायची. चूक झाली तर सगळ्या गाठी आपल्याच हाताने सोडायच्या, आणि काठी परत. पुन्हा संधी नाही. दसऱ्यापर्यंतच्या सगळ्या गाठी झाल्या, तर दसऱ्याला बंदूक मोडून तिच्यात तेलाचा पहिला बोळा फिरवायचा मान. मग गावी काकांच्या शेजारी बसून नेमबाजी, आणि पुढे मोठं झाल्यावर, आबांच्या भाषेत, 'बंदूक त्याच्याकडे बघणार.'

"चूक झाली हे ठरवायचं कोणी?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ज्याची त्याने सांगायची," काका म्हणाले. "आणि ज्याच्यावर काठी रोखली, त्याने सांगितलं, तर त्याचा शब्द शेवटचा. त्यापुढे साक्ष नाय, पुरावा नाय."

"का?"

"बंदूक असती तर तो बोलायला उरला असता का? म्हणून काठीच्या वेळी तरी त्याचं ऐकायचं. आबा असंच म्हणायचे."

मला ते फार थोर वाटलं. कोपऱ्यात बाबांनी स्टोव्हला पंप मारला.

संध्याकाळी काका आम्हा दोघांना नदीवर न्यायचे. चाळीतले लोक गॅलरीतून ओरडायचे, "काय गो, वाघ मारूक चाललंस?" नदीपलीकडे म्हशींचा तबेला, त्यामागे नॅशनल पार्काचे डोंगर. काका धोबीघाटाच्या अलीकडे एका दगडावर बसायचे, खिशातून शेंगदाणे काढायचे.

"तो बगळा दिसतो? रत्नू, पाठी काय?"

"म्हशी."

"म्हशींपाठी?"

"तबेला."

"तबेल्यापाठी?"

"दिसत नाय."

"दिसत नाय म्हणजे?"

"म्हणजे मारायचं नाय."

"झकास. नंदू, तू. ती घार. पाठी काय?"

"आभाळ!"

"आभाळापाठी?"

नंदू गोंधळला. "आभाळापाठी काय असणार, बाबा?"

"छर्रा वर गेला की खाली येतो. आभाळापाठी कुणाचं तरी डोकं असतं. नाय मारायचं."

"मग मारायचं कधी?" नंदू वैतागला.

"शिकार आता बंदच आहे. कायदा झालाय. गावीही मी डुकरं हाकलायला बार काढतो तो मोकळ्या बांधावर."

"मग शिकायचं कशाला?"

"मारायला एक बोट लागतं, नंदू. कधी मारायचं नाय, ते शिकायला वर्ष लागतं."

मग आबांच्या गोष्टी. शिकार चालू होती त्या काळातल्या. पिलांची मादी समोर आली की आबा बंदूक खाली घ्यायचे. डुक्कर जखमी होऊन पळालं तर त्याच्या मागावर दिवसभर उपाशी हिंडायचे, 'त्याला दुखतंय तोवर आपण जेवायचं नाय.' मटणाचे वाटे पडले की पहिला वाटा ज्या घरात कमावता माणूस नाही त्या घरी. बोलताना काका नंदूचं कोपर धरून सरळ करायचे, खांद्यावर हात ठेवून त्याला वळवायचे. मला नुसतं तोंडाने सांगायचे, "कोपर आत." मोठ्या होत चाललेल्या पुतणीला हात कसा लावायचा, म्हणून असेल. पण मी त्या हातावर जळायचे. रात्री माझंच कोपर माझ्याच हाताने आत दाबून बघायचे.

होळीच्या सुमाराला नंदूने काठीची बॅट केली. खाली गल्लीत मॅच, बॅट मोडली, सहा चेंडूंत नऊ रन हवे होते. काठी उलटी धरून त्याने चौकार मारला. तांबडं फडकं विकेटकीपरच्या पोटावर रोखलेलं. शनिवारी तो स्वतःच येऊन म्हणाला, "बाबा, चूक झाली." आणि बावीस गाठी सोडायला बसला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि सुतळी ओली होऊन आणखीच घट्ट.

"जाऊ दे ना, लहान आहे," काकू म्हणाली.

"खरं बोलला ते चांगलं केलं," काका म्हणाले. "पण गाठी सुटल्या."

मला फार वाईट वाटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

मग काका मला एकटीलाच नदीवर नेऊ लागले. शेंगदाणे आता दोघांतच. येताना वर बघितलं की गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून नंदू उभा. मी काठी आणखी ऐटीत धरायचे. जिना चढून दारात आले की मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं, "रिकामी आहे, बघा!"

एकदा दारात काका नव्हते, काकू नळावर. घरात फक्त बाबा. नियम तो नियम. मी काठी पुढे केली. "बाबा, रिकामी आहे, बघा."

बाबांनी न बघताच हात पुढे केला आणि काठी घेतली. घेतली ती कशी! डावा हात मध्यावर, उजवा दस्त्याकडे, तांबडं फडकं आपसूक भुईकडे वळलेलं, तर्जनी खिळ्याच्या बाहेर ताठ. पाऊल अर्धं मागे. अंगठ्याने मध्यावर चाचपून बघितलं आणि दस्ता माझ्याकडे करून परत दिली. काकांनासुद्धा एवढं सफाईने जमत नसे.

"बाबा! तुम्हाला येतं?"

"भाकरी खा."

"तुम्ही पण काठी वागवली होती? किती गाठी झाल्या?"

"एक्कावन्न."

"मग?"

"मग काय. सुटल्या." ते परत कोपऱ्यात जाऊन बसले. "तुझ्या काकाला इचार. त्याला सगळं येतं."

ते मी काकांना विचारलं नाही. मला वाटलं, बाबांनी चूक केली असणार, आणि आता दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. बापाबद्दल असं वाटणं बरं नाही, हे कळायचं. तरी वाटायचं.

पंच्याऐंशी साली अधिक श्रावण आला. दसरा लांबला. काकू अधिकाचं वाण कोणाला द्यायचं त्या विचारात, आणि काका पंचांग घेऊन बसलेले. "गाठी बावन्न नाय, रत्नू. ह्या वर्षी पंचावन्न."

"वर्षाच्या बावन्नच असतात ना?"

"दसरा ते दसरा. अधिकाचा महिना वगळून बंदूक सुटेल का? तीन आठवडे आणखी."

नंदू दारातून हसला. "तुझी तर वाट लागली."

"माझी नाय लागत. मी काठीची बॅट करत नाय."

त्याचं हसू असं पुसलं गेलं की मलाच दचकायला झालं. पण मागे घेतलं नाही मी. गणपती झाले, नवरात्र बसलं. माझी सुतळी गाठींनी एवढीशी झाली होती. त्रेपन्न. चोपन्न. काकांनी बँकेत कोणाला तरी सांगितलं होतं म्हणे, की माझी पुतणी ह्या दसऱ्याला बंदूक उघडणार. काकूने हे जेवताना सांगितलं. पुतणी. नंदूने ताट सरकवलं आणि उठला.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. काका तीनला आले, खाकी उतरवली, हातपाय धुतले. सणासाठी पुसायची म्हणून ट्रंक उघडली, बंदूक मोडून उजेड बघितला, आम्हाला दाखवला. मग सुतळी काढून माझ्या हातात दिली.

"मार. शेवटची."

मी फास केला. बाबा कोपऱ्यात स्टोव्हला पिन मारत होते. काकू तांदूळ निवडत होती.

"बाबा," दारातून नंदू म्हणाला. "तिनं काल काठी माझ्यावर रोखली."

स्टोव्हची पिन खरखरत राहिली.

"कधी?" काका म्हणाले.

"काल. नळावर. मी हंडा उचलत होतो, तर माझ्या डोक्यावर."

"खोटं! काल मी नळावर होते, पण काठी खांद्यावर होती! तोंड वर!"

"माझ्यावर रोखली," नंदू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"कोणी बघितलं?" काकूने सूप खाली ठेवलं.

"बघायचं कारण नाय," काका म्हणाले. "रोखली ह्याच्यावर. शब्द ह्याचा."

"काका, तो जळतो माझ्यावर! त्याच्या गाठी सुटल्या म्हणून! तुम्ही मला एकटीला नेता म्हणून!"

"रत्नू." आवाज अजिबात चढला नव्हता. "सोड गाठी."

"नंदू, इकडे बघ माझ्याकडे," काकू म्हणाली. "आईच्या डोळ्यांत बघून सांग."

नंदूने माझ्या काठीच्या तांबड्या फडक्याकडे बघितलं.

"विचारायचं नाय, रुक्मिणी. नियम आहे."

"कोणाचा नियम? देवाने लिहून धाडला?"

"आबांचा."

मी सुटीच्या दिवशी नखं कापली होती. गाठ सुटेना. दातांत धरली. चोपन्नावी सुटली. तोंडात सुतळीची कडू चव. त्रेपन्नावी. ती घट्ट होती, पितृपक्षातली. बावन्नावी. मी रडत नव्हते, पण नाक वाहत होतं, आणि सात महिन्यांपूर्वी नंदू नेमका ह्याच जागी बसला होता हे मला दिसत होतं.

पिनेचा आवाज थांबला.

"किती सुटल्या?" बाबांनी विचारलं.

"तीन."

"पुरे." बाबा उठून आले आणि माझ्या हातांवर हात ठेवला. रॉकेलचा हात. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा त्या सुतळीला हात लावला होता.

"दादा, मधी पडू नको."

"पस्तीस वर्षं पडलो नाय. आज पडतंय."

"ही पोरांची गोष्ट आहे."

"तेव्हा आपण पण पोरंच होतो, धाकू. मी बारा वर्षांचा. तू सात."

काकांनी बंदुकीवरचा फडका हातात घेतला. घडी केली. पुन्हा उलगडला.

"दसऱ्याला चार दिवस होते," बाबा म्हणाले. ते काकांशी बोलत होते, पण बघत होते सुतळीकडे. "माझ्या एक्कावन्न गाठी झालेल्या. तू गवताच्या गंजीपाठून रडत आलास. आबा अंगणात दोर वळत होते. काय सांगितलंस त्यांना?"

"जुनं काढू नको, दादा."

"सांगितलंस, दादानं माझ्यावर काठी रोखली. आबांनी माझ्याकडे बघितलं पण नाय. विचारायचा नियमच नव्हता ना! म्हणाले, काशीराम, सोड गाठी. मी बसलो सोडत. असाच. दातांनी."

काकूचा हात पदराशी गेला. "अहो, हे काय..."

"मी काय बोललो? कायच नाय. आबा गेले, लायसन तुझ्या नावावर लागलं. काय बोललो? गिरणी गेली, तुझ्या दारात आलो, तुझं मीठ खातो. बोललो काय? पण जळलो, धाकू. खोटं कशाला सांगू. रविवारी तुझ्या त्या तेलाचा वास सुटला, की मी स्टोव्ह पुढ्यात घ्यायचो. तो वास नाकात जाऊ नये म्हणून. ही पोर तुझ्यापाठून नदीवर जायची, तेव्हा बादल्यांच्या कड्या माझ्या हातातून पडायच्या. माझी पोर, आणि तुझ्यासारखी पाऊल टाकायला लागली होती."

"बाबा," मी म्हणाले. त्यांनी माझा हात दाबला.

"बंदूक नको माका. नोकरी नको. ती तुझी. तू सांभाळलीस, आणि माझ्याहून बरी सांभाळलीस, हे पण मी मान्य करतो. ह्या नंदूला पण सोड, पोर आहे तो. माका एकच सांग. पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नाय, म्हणून मीच विचारतो. त्या दिवशी मी काठी तुझ्यावर रोखली होती?"

खाली नळावर कोणीतरी हंडा आपटला. नंदू दाराच्या चौकटीला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. तो त्याच्या वडिलांकडे बघत होता. मीही बघत होते. काकांच्या गुळगुळीत चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच काहीतरी हलताना दिसलं, ओठाच्या बाजूला, लहान पोरांचं रडण्याआधी हलतं तसं.

"बाबा, मी..." नंदूने सुरुवात केली.

काकांनी हात वर केला. ते उठले. फडका त्यांनी खाली टाकला, घडी न करता. एकदा माझ्या हातातल्या सुतळीकडे बघितलं, एकदा बाबांकडे, पण बाबांच्या डोळ्यांपर्यंत त्यांची नजर पोचली नाही.

"धाकू," बाबा म्हणाले. "हो नायतर नाय. एवढंच."

ट्रंक उघडी होती. बंदूक सतरंजीवर तशीच पडलेली. तिला ओलांडून काका दारापर्यंत गेले. नंदू बाजूला झाला. आणि चपला न घालता, मागे न बघता, काका जिना उतरून गेले.